पोट बरे झाले, मेंदूचे काय?

गाय व्याली की वासराला अगोदर चीक, खरवसाचे मग पाहू, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. पण सुनेचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले, काचेच्या पेटीत ठेवले, की हीच शहाणी माणसे म्हणतात, “बाळ पेटीत, मग बाईने तिथे बसून काय करायचे? घरी आणा.” इकडे पेरणी अडलेली असते. ती अडचण आम्हांस कळते. तरी आमचे मत असे की, त्या दिवसांत बाईची जागा बाळाजवळच आहे.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, विशेषतः दीड किलोच्या आतल्या बाळांची आतडी कच्ची असतात. दोनतीन आठवड्यांनी, बाळ सावरते आहे असे वाटत असतानाच, एखाद्याचे पोट फुगते, हिरवी उलटी होते, शौचात रक्त दिसते. आतड्याला दाह होऊन त्याचा काही भाग मरतो. डॉक्टर यास एन.ई.सी. म्हणतात. काही बाळे औषधाने सुधारतात, काहींचे मेलेले आतडे कापून काढावे लागते, काही हाती लागत नाहीत.

वाचलेल्या बाळाचे पोट बरे झाले की घरचे निर्धास्त होतात. चूक होते ती इथेच. या आजारातून, त्यातही शस्त्रक्रियेतून गेलेली मुले चालणे, बोलणे, शिकणे यांत मागे पडण्याचे प्रमाण तेवढ्याच कच्च्या इतर बाळांपेक्षा जास्त आढळते. आतडे कुठे आणि मेंदू कुठे! पण २०१८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉ. डेव्हिड हॅकम यांच्या गटाने उंदराच्या पिलांत दाखविले की, आतड्यातील या रोगाने मेंदूतल्या राखणदार पेशी चवताळतात आणि मज्जातंतूंवरचे आवरण नीट धरत नाही. उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाचा पुरावा नव्हे, जंतुसंसर्ग आणि अपुरे पोषण ही कारणेही असतातच. तरी पोट आणि डोके वेगळे धरून चालणार नाही, एवढे खरे.

आता दुधाचे. १९९० साली ब्रिटनमध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. नुसत्या डब्याच्या दुधावरील बाळांत हा रोग नुसत्या मानवी दुधावरील बाळांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. बाळाला ओढता येत नसेल तर दूध पिळून नळीने देतात. त्यासाठी दर दोनतीन तासांनी पिळावे लागते, नाहीतर दूध आटते. चाळीस मैलांवरच्या घरून हे कसे व्हावे? आईला दूधच नसेल तर दूधपेढी आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन इस्पितळात १९८९ सालीच ती उघडली. मात्र बाळाच्या आईला व्हरांड्यात निजविणाऱ्या इस्पितळांनी आधी तिला एक खाट द्यावी, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख लिहून मागावी आणि सुगी असली तरी ती चुकवू नये. वयाचा हिशोब जन्मतारखेवरून नव्हे, बाळंतपणाच्या ठरल्या तारखेवरून करावा. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ सहा महिन्यांचे समजावे. त्या हिशोबानेही ते मान धरत नसेल, हाकेला वळत नसेल, एक हात सतत आवळून ठेवत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणणाऱ्या शेजारणीचे ऐकू नये. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रे आहेत आणि तेथे पैसे पडत नाहीत. मेंदू वाढीला असतो तेव्हाच व्यायामाचा उपयोग अधिक, म्हणून पहिल्या दोन वर्षांत जावे.