किमया कुणाची?

आपल्या सभांमध्ये विज्ञानाचा विषय निघाला की जाबिर इब्न हय्यान यांचं नाव हमखास येतं. मराठीतला ‘किमया’ हा शब्दसुद्धा अरबीतूनच, फारसीमार्गे आला. अभिमान रास्त आहे. पण टाळ्या वाजवून उठायचं, की पुढचं पानही वाचायचं?

२०२१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलची गोष्ट या प्रश्नाशी जोडलेली आहे. अनेक औषधांचे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. घडण तीच, पण उजव्याचा हातमोजा डाव्याला बसत नाही. शरीराला हा फरक कळतो. कंपवातावर डोपाचा एकच ‘हात’ उपयोगी पडतो, म्हणून औषधाचं नाव लेव्होडोपा. साध्या पद्धतीने बनवायला गेलं तर दोन्ही निम्मे-निम्मे तयार होतात. हवा तोच मिळवण्यासाठी विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम हा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून वापरला. २००१ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

२००० साली बेंजामिन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी धातू बाजूला ठेवून प्रोलिन हे साधं अमिनो आम्ल वापरलं. एका अभिक्रियेत शंभरातले सुमारे ८८ रेणू हव्या त्या हाताचे निघाले. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनीही धातूविना अशी वाट दाखवली. नोबेल दोघांना मिळून मिळालं.

खरी मेख पुढे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच औषध कंपन्यांतल्या रसायनज्ञांनी प्रोलिन वापरून स्टेरॉइडसाठी लागणारा रेणू घडवला होता. ते शोधनिबंध सर्वांसमोर होते. ‘हे आणखी कुठे चालेल?’ हा प्रश्न मात्र जवळपास तीस वर्षं कुणी धसास लावला नाही. वारसा कपाटात असला म्हणजे कामाला येतोच असं नाही.

या पद्धतीत उणिवा होत्या. लिस्ट यांच्या त्या प्रयोगात प्रोलिन ३० टक्के लागलं, आणि कारखान्यात एवढं प्रमाण परवडेलच असं नाही. पण प्रोलिन स्वस्त आहे, हवेत खराब होत नाही. पोलरीमीटर असलेल्या साध्या कॉलेजातही मुलं यावर हात बसवू शकतात.

म्हणून जमातींना, ट्रस्टना सांगणं एवढंच: गुणवंतांच्या सत्कारातल्या शाली आणि ट्रॉफ्या कमी करा. डॉक्टर होऊ न शकलेली मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करू पाहत असेल, तर तिची दोन वर्षांची फी भरा. जाबिर यांचं नाव घेण्याचा हक्क त्यातून मिळेल.