बांधावरून : न दिसणारा मार



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा करप्याची, मर रोगाची, नाही तर अडकलेल्या अनुदानाची असतात. या आठवड्यात एका ताईंचे पत्र आले. पिकाचा प्रश्न शेवटी दोन ओळींत आणि आधीची तीन पाने मालकांच्या डोक्याविषयी.

मालक कडब्याच्या गंजीवरून पडले. रक्ताचा थेंब नाही. क्षणभर शुद्ध गेली, एक उलटी झाली. तालुक्याला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन काढला, तो स्वच्छ आला. या गोष्टीला चार महिने झाले. अजून रोज डोके दुखते, ट्रॅक्टरचा आवाज सोसत नाही, उन्हात डोळे मिटून घ्यावे लागतात. कंगवा लागला तरी डोक्याच्या मागच्या बाजूला झिणझिण्या उठतात, बोटांना मुंग्या येतात, सांगितलेले काम लक्षात राहत नाही. थोरले दीर म्हणतात, "रिपोर्टात काही नाही, म्हणजे सगळं कामाचं ढोंग." आता त्यांनी वाटणीची भाषा काढली आहे. ताई विचारतात, "साहेब, यांना खरंच काही झालंय का?"

ताई, झाले आहे. मी बी. एस्सी. (कृषी) झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण हे दुखणे मी स्वतः दीड वर्ष भोगले आहे, म्हणून लिहितो.

2022 च्या हिवाळ्यातली गोष्ट. ज्वारीचा प्लॉट पाहून मोटारसायकलवर परतत होतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखल आणला होता, चाक घसरले. हेल्मेट होते, पण ते डोक्यावर नसून पेट्रोलच्या टाकीवर होते. माणसे धावली. एकाने कांदा हुंगवला, दुसऱ्याने तोंडात पाणी ओतले. (बेशुद्ध माणसाला पाणी कधी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते.) मी उठलो, कपडे झटकले आणि त्याच गाडीवर घरी गेलो. रात्री घरच्यांनी दवाखान्यात नेले. स्कॅन स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी कामावर हजर. आठवड्याभराने एका सभेत तुरीच्या बीडीएन 711 वाणाचे नाव, जे मी हजार वेळा सांगितले असेल, तोंडात येईना. लोक हसले, मीही हसलो, घरी येऊन मात्र गप्प बसलो. पुढे कपबशीचा आवाज झाला तरी मी घरात ओरडू लागलो. तीस वर्षांच्या संसारात बायकोने माझे असे रूप पाहिले नव्हते.

आता स्कॅन स्वच्छ का येतो ते पाहा. मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके आपटले की तो आत हिंदकळतो. पेशींमधला पोटॅशियम बाहेर पडतो, कॅल्शियम आत शिरतो, आणि हा घोळ निस्तरायला पेशीला एकदम जास्त ताकद लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. खर्च वाढला, आवक घटली. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाचा तडा दिसतो, हा बिघाड दिसत नाही. नुसत्या मातीकडे पाहून तिच्यात पालाश किती आहे हे मला तरी सांगता येत नाही.

बहुतेकांचा हा घोळ काही आठवड्यांत मिटतो. काहींचा मात्र महिनोन् महिने रेंगाळतो, आणि तेव्हा दुखणे एकाच ठिकाणचे नसते. माझ्या बाबतीत अर्धे दुखणे मानेचे निघाले. डोके आपटते तेव्हा मानेलाही हिसका बसतोच. मानेच्या वरच्या मणक्यांतून निघालेली शीर डोक्याच्या मागून टाळूपर्यंत जाते. ती दुखावली की केस विंचरतानाही झिणझिण्या येतात, वीज चमकावी तशी कळ जाते. मानेच्या आणि चेहऱ्याच्या शिरांच्या वाटा आत एकत्र मिळतात, म्हणून दुखते मानेत आणि ठणकते डोळ्यामागे. हे मला मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मान दाबून दाखवले तेव्हा पटले. तोवर मी आठ महिने चष्म्याचे नंबर बदलत होतो!

मालकांच्या बोटांना मुंग्या येतात, त्याचेही मूळ मानेत असू शकते. ते डॉक्टरांनी तपासले पाहिजे. गावात मान 'चटकवून' देणारे जाणकार असतात. त्यांच्याकडे जाऊ नका. दुखावलेल्या मानेला असा झटका महागात पडतो. मला व्यायामोपचारवाल्या बाईंनी शिकवलेल्या मानेच्या साध्या हालचालींनी फायदा झाला.

आता गोळ्यांचे. सुरुवातीला मी रोज एक वेदनाशामक गोळी घेत असे, मग दोन. अशा गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवसांहून जास्त, आणि तेही महिनोन् महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. पाणी जास्त होऊन पीक पिवळे पडते, आणि शेतकरी पाणी कमी पडले समजून आणखी पाणी देतो, त्यातली गत. डॉक्टरांनी त्या हळूहळू बंद केल्या आणि रात्री घ्यायची वेगळी गोळी दिली. पंधरा दिवस फार वाईट गेले. मग फरक पडला.

विश्रांतीबद्दलही समज बदलली आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायला सांगत. 2022 साली ॲमस्टरडॅमला खेळाडूंच्या डोक्याच्या इजांवर जगभरचे तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांचे म्हणणे असे, की पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाईलचा पडदाही कमी, आणि मग हळूहळू चालायला लागायचे. आपण रोपवाटिकेतली रोपे लावणीआधी थोडी थोडी उन्हात काढून काटक करतो, तसेच. दुखण्याला दहापैकी गुण द्या. चालताना दोन गुणांपेक्षा जास्त वाढले तर थांबा, उद्या थोडे कमी चाला. मी विहिरीपर्यंत जाण्यापासून सुरुवात केली. मळ्यापर्यंत पोहोचायला अडीच महिने लागले.

मात्र शेतातली सगळी कामे सारखी नव्हेत. घेरी येत असेल तोवर विहिरीत उतरणे, गंजीवर चढणे, कडबाकुट्टी आणि ट्रॅक्टर चालवणे बंद. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर दुखणे फार लांबते. डोक्यावर पाटी, भारा, हंडा नको, मानेला ताण बसतो. हे बायकांना जास्त लागू आहे, आणि त्यांनाच ते कोणी सांगत नाही. कुशीवर वळताच घर फिरते असे वाटत असेल, तर कानातले बारीक कण जागचे हललेले असू शकतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोके ठरावीक पद्धतीने फिरवून ते पुन्हा जागेवर आणतात, पुष्कळदा पहिल्या खेपेलाच.

आणि माझ्या खात्यातली एक गोष्ट. फवारणीच्या औषधांनीही डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मालक फवारणीला जात असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, नाही तर एक दुखणे दुसऱ्याच्या नावावर जाते. तूर्त पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या.

नव्याने कोणाला मार लागला तर पुढच्या खुणा ध्यानात ठेवा. उलट्या पुन्हा पुन्हा होणे, दुखणे वाढतच जाणे, माणूस गुंगीत जाणे, झटके येणे, बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना किरकोळ मार लागला तरी दाखवाच. त्यांच्या डोक्यात कधी कधी काही आठवड्यांनी हळूहळू रक्त साठते, आणि घरचे समजतात की म्हातारपणाने विसरायला झाले.

ताई, आता दिरांचे. माझ्या घरी थोरला भाऊच मला म्हणाला होता, "दिसतोस तर चांगला." त्याला राग नव्हता, त्याला कळत नव्हते. माझ्या बायकोने एक वही केली. आज किती दुखले, किती झोप झाली, किती चाललो, काय काम केले. दोन महिन्यांनी ती वही तिने त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ पाने उलटत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची पाळी धरायला तोच गेला, आणि मला उठवले नाही.

तुम्हीही वही करा. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो. मालकांना एकदा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्या, वही आणि जुना स्कॅन बरोबर घ्या. आज मी कामावर आहे. सलग तीन तास गाडीत बसलो की मान अजून बोलते, पण बीडीएन 711 आठवते.

शेवटच्या दोन ओळींत तुम्ही हरभऱ्यावरच्या मर रोगाबद्दल विचारले आहे. त्याचे सविस्तर पुढच्या अंकात लिहीन. तोवर वाळलेली रोपे मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा.