केशरी छपराखालचे स्मरणरंजन

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या गावी ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ या साखळीचे अखेरचे उपाहारगृह २०२२ साली बंद झाले आणि तिकडच्या स्मरणरंजनपर लेखनाला आणखी एक निमित्त मिळाले. तसा हा शोक बऱ्याच आधीपासून सुरू होता. केशरी छप्पर, त्यावरचा छोटा मनोरा, आइस्क्रीमचे २८ स्वाद, तळलेल्या तिसऱ्या, गाडी चालवणारे वडील आणि मागच्या आसनावर पेंगणारी मुले, एवढी सामग्री जमवली की लेख तयार होतो. असे लेख वाईट असतात असे मी म्हणणार नाही. त्यांतले काही चांगलेच हृद्य आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. हे लेख आठवण म्हणून सुरू होतात आणि इतिहास म्हणून संपतात. ‘मला तिथे छान वाटले’ हे विधान दोन परिच्छेदांत ‘तो काळच छान होता’ असे होऊन बसते, आणि या दोन विधानांमधल्या उडीचा पुरावा मागणे वाचकाला असभ्यपणाचे वाटू लागते. साहित्याच्या अभ्यासकाने हा असभ्यपणा करायलाच हवा.

पहिला प्रश्न असा : नेमके काय हरवले? स्मरणरंजनाचे उत्तर ठरलेले आहे. घरगुतीपणा हरवला, आणि तो मॅकडोनाल्डसारख्या निर्विकार साखळ्यांनी गिळला. हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन यांनी १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे एक लहान दुकान घेतले आणि तिथे अधिक स्निग्धांशाचे आइस्क्रीम विकायला सुरुवात केली, इथपर्यंत ही कथा खरी आहे. पुढच्या भरभराटीत तर एका नाटकाचाही हातभार लागला. यूजीन ओनीलच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’वर १९२९ साली बॉस्टनच्या महापौरांनी बंदी घातली, म्हणून प्रयोग क्विन्सीत झाले. नऊ अंकी नाटक, मध्ये जेवणासाठी मोठी सुट्टी, आणि नाट्यगृहाजवळ जॉन्सन यांचे नवे उपाहारगृह! बॉस्टनच्या नीतिरक्षणाचा एवढा रोख लाभ दुसऱ्या कुणाला क्वचितच झाला असेल.

परंतु १९३५ नंतरचा जॉन्सन हा घरगुती खाणावळवाला नाही. त्या वर्षी केप कॉडवर त्यांनी आपले नाव दुसऱ्याच्या उपाहारगृहाला दिले. जागा आणि भांडवल त्या मालकाचे. नाव, पदार्थ, पुरवठा आणि नियम जॉन्सन यांचे. ज्याला आज आपण फ्रँचायझी म्हणतो, त्या पद्धतीच्या उपाहारगृह-व्यवसायातील आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १९४० साली पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग खुला झाला, तेव्हा त्यावरील खानपानाचा मक्ता त्यांच्याकडेच होता. १९५४ साली जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे पहिले मोटेल निघाले. १९७०च्या दशकात ही साखळी सुमारे एक हजार उपाहारगृहे आणि पाचशे मोटेले इतकी पसरली होती. मेनपासून फ्लोरिडापर्यंत तीच चव, तेच छप्पर, तोच नकाशा. एकसारखेपणा हाच तिचा माल होता आणि प्रवाशाला तो हवाही होता, कारण अनोळखी रस्त्यावर फसवणूक होणार नाही याची ती हमी होती. तेव्हा एकसारखेपणाने हॉवर्ड जॉन्सन्सला मारले ही तक्रार विचित्र आहे. मारले ते त्यांच्याच युक्तीने, अधिक स्वस्त आणि अधिक चपळ होऊन परत आलेल्या. भरीस १९७३चे तेलसंकट, पुढच्या पिढीची काटकसर, १९७९ साली ब्रिटनच्या इम्पीरियल समूहाशी झालेला विक्रीचा करार आणि १९८५ साली मॅरियटने केलेली खरेदी. मॅरियटला छपरापेक्षा छपराखालची जागा मोलाची वाटली. हे सारे व्यापाराच्या नियमांनी घडले. ज्या नियमांनी ही साखळी वाढली, त्यांनीच ती संपली.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे : हे कोणाचे हरवले? ऑक्टोबर १९५७ मध्ये डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे हॉवर्ड जॉन्सन्समध्ये एका प्रवाशाने संत्र्याचा रस मागवला. तो बाहेर नेता येईल, इथे बसून पिता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. कारण ते कृष्णवर्णीय होते. ते होते कोमला अगबेली गबेडेमा, त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या घानाचे अर्थमंत्री. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. पण ज्याच्या मागे राष्ट्र उभे नाही, अशा कृष्णवर्णीय कुटुंबाला न्याहारीचे निमंत्रण कोण देणार? ते कुटुंब ‘ग्रीन बुक’ हाताशी ठेवून प्रवास करीत होते. कुठे थांबता येईल, कुठे झोपता येईल हे सांगणारी ही मार्गदर्शिका १९३६पासून निघत होती. १९६२ साली ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेने महामार्गांवरच्या उपाहारगृहांत प्रवेश मिळावा म्हणून मोहीम उघडली, तिचे एक प्रमुख लक्ष्य हीच साखळी होती. नॉर्थ कॅरोलायनातील डरहम येथे याच केशरी छपरासमोर निदर्शने झाली, तरुणांना अटका झाल्या. सार्वजनिक उपाहारगृहांतील वर्णभेदाला देशभर बंदी करणारा कायदा त्यानंतर, १९६४ साली आला.

यावर ठरलेले उत्तर असे की, हे त्या काळाचे दोष होते, एकट्या साखळीचे नव्हते. शाखांचे मालक स्थानिक रिवाज पाळत. हे मान्य करू. परंतु मग एक विसंगती उरते. आइस्क्रीमचा गोळा केवढा असावा हे सर्व शाखांना नेमून देणारी यंत्रणा माणसाला टेबलाशी बसू द्यावे की नाही, एवढीच बाब स्थानिक रिवाजावर सोडत होती. आणि मागच्या आसनावरच्या त्या निरागस मुलाचे काय? त्याच्या आठवणीत खोट नाही. पण ते मूल आता साठीचे लेखक आहे. मुलाला जे दिसले नाही ते लेखकालाही दिसू नये, ही सवलत त्याला कोणी दिली?

याचा अर्थ शोकच करू नये असा नव्हे. शोक करण्याजोगे तिथे होते. केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघराची संधी चालून आली असता झाक पेपँ या फ्रेंच बल्लवाचार्याने हॉवर्ड जॉन्सन्सची नोकरी पत्करली आणि पिएर फ्रेनी यांच्यासोबत तिथे वर्षानुवर्षे काम केले. मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रचंड प्रमाणावर शिजवून, गोठवून, दूरदूर पाठवायचे अन्न चांगलेही असू शकते, हा त्यांचा ध्यास होता. सामान्य माणसाच्या ताटाविषयीची ही आस्था खरोखर दुर्मिळ आहे. पण स्मरणरंजनात बहुधा पेपँ नसतात, वाढणाऱ्या बाया नसतात, भांडी घासणारे तर नसतातच. छप्पर असते.

या विस्मृतीची एक शाखा आपल्यापर्यंत येते. साखळ्या उतरणीला लागल्या तेव्हा अमेरिकेतील अनेक जुनी मोटेले भारतीयांनी, मुख्यतः गुजराती कुटुंबांनी, विकत घेतली आणि घरच्या सर्वांनी राबून चालवली. त्यावर शेजारच्या स्पर्धकांनी दारावर ‘अमेरिकन मालकी’ अशा पाट्या लावल्या. ‘पूर्वीची ती मोटेले राहिली नाहीत’ हे हळहळते वाक्य त्या पाटीचे सौम्य भाषांतर तर नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते.

आणि आपण? बंद पडणाऱ्या इराण्याच्या हॉटेलावरचा मराठी लेख हा याच कुळातला. संगमरवरी टेबल, बनमस्का, पाणीकम चहा. इराण्याकडे निदान जातपात न विचारता बसता येत असे, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट. नेमकी तीच बहुतेक लेखांत निसटते, कारण लेखकाला इतरत्र कुणी जात विचारलेली नसते. ज्यांना विचारली गेली त्यांच्या आठवणींत वेगळी कपबशी आहे. परदेशात शिकून बडोद्यास नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि शेवटी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून बाहेर काढले. हे त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. १९५०च्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच आलेला नाही. अमेरिकी कायद्याच्या चौदा वर्षे आधी आपण ते लिहिले. लिहिणे आणि पाळणे यांतले अंतर हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

तेव्हा विद्यार्थ्यांना एवढेच सुचवायचे आहे. स्मरणरंजनपर लेख हाती आला की त्यातील पदार्थांची यादी बाजूला ठेवावी आणि माणसांची यादी करावी. कोण बसले होते, कोण वाढत होते, दाराबाहेर कोण उभे होते? तिसरा रकाना कोरा राहिला, तर त्या लेखाला सुंदर म्हणायला हरकत नाही. त्या काळाची साक्ष म्हणून मात्र तो वर्गात वाचायला देऊ नये.