दाढीतला सैतान

‘कवी इथे सरळच बोलतो आहे,’ असे उत्तर लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचे गुण मी एकदा कापले होते. परवा ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्रजी हेवी मेटल बँडची हकिगत वाचली आणि ते गुण आठवले. त्यांच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममध्ये ‘एन. आय. बी.’ नावाचे गाणे आहे. चाहत्यांनी फोड केली: ‘नेटिव्हिटी इन ब्लॅक’, म्हणजे काळा जन्मोत्सव! गीतकार गीझर बटलर सांगतात, ड्रमवादक बिल वॉर्डची दाढी टाकाच्या निबासारखी दिसे, म्हणून ‘निब’. टिंबे नुसती कुतूहल वाढवायला. सैतान प्रेमात पडून पालटतो, हे तर गाण्यात सरळच आहे. तरी १९९४ साली गौरवार्थ निघालेल्या अल्बमला नाव मिळाले ते चाहत्यांचेच! आता ते गुण कुणाला परत करू?