काचेच्या तारेवरचा भाबडा विश्वास

१/ ऑप्टिकल फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश धावतो. म्हणून त्यातील संदेश चोरता येत नाहीत, असे आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. इतिहासाने हा समज केव्हाच खोटा ठरवला आहे.

२/ पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश काचेच्या तंतूत कोंडलेला राहतो. मात्र तंतू मर्यादेपलीकडे वाकवला की त्यातला थोडा प्रकाश बाहेर झिरपतो. तेवढा टिपला तरी मजकुराची नक्कल हाती लागते. तंतू तोडण्याचीही गरज नसते.

३/ सत्तेला तर एवढाही खटाटोप करावा लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील एटी अँड टीच्या इमारतीत '६४१ए' क्रमांकाची खोली होती. तेथे स्प्लिटर बसवून प्रकाशाची दुसरी प्रत अमेरिकेच्या हेरसंस्थेसाठी, एनएसएसाठी, वळवली जात असल्याचे मार्क क्लाइन या निवृत्त तंत्रज्ञाने २००६ साली उघड केले.

४/ २०१३ साली स्नोडेनच्या कागदपत्रांतून कळले की गूगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या तारांवरही हेरांचा कान होता. ग्राहक ते कंपनी ही वाट सुरक्षित करणाऱ्यांनी आपल्याच अंगणातली वाट उघडी ठेवली होती! त्यानंतर तिथेही एन्क्रिप्शन आले.

५/ वास्तविक हा धडा जुनाच. १८८३ साली ऑग्यूस्त केर्कहोफ्स यांनी लिहून ठेवले होते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहावे ते किल्लीत. तारेलाही हाच न्याय लावा. ती परक्याच्या ताब्यात आहे असे धरूनच मजकूर पाठवावा.

६/ "आता क्वांटम तंत्र येईल," असे कोणी म्हणेल. त्याचा बेनेट-ब्रासार्ड आराखडा १९८४ साली आपल्या बंगळुरूतील परिषदेतच मांडला गेला. चोरून ऐकणारा त्यात उघडा पडतो, हे खरे. पण लांबच्या अंतरासाठी आज वाटेत विश्वासू ठाणी उभारावी लागतात आणि तिथे किल्ली उघडी होते. म्हणजे पुन्हा पहारेकऱ्याच्या इमानावरच भिस्त!

७/ म्हणूनच टोकापासून टोकापर्यंतच्या एन्क्रिप्शनला 'फक्त सरकारसाठी' चोरदरवाजा ठेवा, ही मागणी घातक आहे. तार कुणाचीच राखण करत नाही. नागरिकाची, वार्ताहराची, वकिलाची एकमेव राखण त्या कुलपात आहे, आणि त्याची दुसरी किल्ली बनली की ती सरकारच्याच हाती राहील याची हमी कोण देणार?