वजनकाट्याला स्नायू दिसत नाहीत

मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे असं कळलं की घरातले पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, कितवी स्टेज?" प्रश्न बरोबर आहे, पण बहुतेक ठिकाणी चौकशी तिथेच संपते, आणि माझा आक्षेप त्याला आहे. स्टेज गाठीबद्दल सांगते. ती गाठ ज्या शरीरात आहे, त्या शरीराबद्दल ती काहीच सांगत नाही.

त्या शरीराची माहिती तुमच्या फाइलमध्ये आधीच असते. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा दोन ओळी असतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. न्यूट्रोफिल 72 आणि लिम्फोसाइट 18 असतील तर उत्तर 4. हे गुणोत्तर शरीरातल्या दाहाचा अंदाज देतं. दुसरी माहिती सीटी स्कॅनमध्ये असते. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या चित्रात स्नायू किती आणि चरबी किती, हे मोजता येतं.

कॅलिफोर्नियात पहिल्या ते तिसऱ्या स्टेजच्या 2,470 रुग्णांचा अभ्यास झाला. तो 2017 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे स्नायू कमी होते आणि गुणोत्तर 3 किंवा त्याहून जास्त होतं, त्यांचा मृत्यूचा धोका या दोन्ही अडचणी नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. यामागचं कारण समजायला कठीण नाही. दाह वाढला की भूक मरते आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागतं. असा रुग्ण ऑपरेशन आणि केमो कमी सोसतो.

"पण डॉक्टर, यांचं वजन तर चांगलं आहे!" इथेच आपण फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची तुलना 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के! आपण भारतीय अंगाने बारीक दिसतो, पण आतून चरबी बाळगून असतो. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही.

आणि आपण घरी करतो काय? "आता फक्त आराम करा" म्हणून माणसाला कॉटवर बसवतो. डाळ, अंडी, दूध बंद करून महिनोन्महिने पेज आणि साबुदाणा देतो. वर पाहुणे म्हणतात, "बारीक झालात, बरं झालं." हे प्रेमापोटीच होतं, पण त्यात स्नायू झडतात.

काही सहकारी म्हणतील, "हे नुसतं भाकीत. उपचार कुठे बदलतो?" शंका रास्त आहे. स्नायू वाढवले म्हणजे आयुष्य वाढतंच, हे असल्या निरीक्षणातून सिद्ध होत नाही. पण 2025 साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' चाचणीत 889 रुग्ण होते. केमो संपल्यावर त्यांतल्या निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, उरलेल्यांना फक्त आरोग्याची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायाम गटातले 90.3 टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले 83.2 टक्के. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक केला असता, तर त्याची केवढी जाहिरात झाली असती! आणि इथे औषध म्हणजे मुख्यतः भरभर चालणं. त्याला नाशिकमध्ये गोल्फ क्लबचा ट्रॅक पुरतो, आणि गावाकडे शेताचा बांध.

एक इशारा. गुणोत्तर साध्या तापाने, स्टेरॉइडने किंवा केमोनंतर पेशी वाढवायच्या इंजेक्शननेही बदलतं. घरी भागाकार करून घाबरू नका, आणि दाह कमी करायच्या नावाखाली काढे-चूर्णांवर पैसेही उधळू नका.

त्याऐवजी पुढच्या भेटीत तीन प्रश्न विचारा. माझे स्नायू कमी झालेत का? रोज किती प्रथिनं खाऊ? चालायला कधीपासून सुरुवात करू? साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात; मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर प्रमाण आणि पथ्य डॉक्टर ठरवतील. आणि या प्रश्नांना "ते नंतर बघू" असं उत्तर मिळालं, तर पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.