माहिती पुसण्याचा हक्क आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

इंटरनेटवरील जुनी माहिती हटविण्याचा व्यक्तीचा हक्क आणि ती जाणून घेण्याचा समाजाचा हक्क यांतील सीमारेषा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी आखली. स्पेनमधील एका नागरिकाच्या थकबाकीपोटी होणाऱ्या लिलावाची १९९८ मधील जाहीर सूचना गूगलवर त्याचे नाव शोधताच दिसत असे. मूळ मजकूर कायदेशीर असला, तरी नावाच्या शोधातून असा दुवा वगळता येतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. वृत्तपत्रातील नोंद मात्र कायम राहिली. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमावलीतही अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी स्पष्ट अपवाद आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला असलेली सूट त्यात नाही. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीची जुन्या आरोपातून सुटका व्हावी, हे न्याय्यच. मात्र तीच वाट गैरव्यवहार झाकू पाहणाऱ्यालाही मोकळी होता कामा नये. दुवा वगळणे आणि नोंद नष्ट करणे यांतील भेद कायद्यातच स्पष्ट झाल्यास दोन्ही हक्कांचे रक्षण होऊ शकेल.